कावळा, फांदी आणि लाल तेल

दोस्तांनो, मागच्या वेळी आपण सायकलची चेन उघडून साफ केली. बऱ्याच जणांचे हात काळे झाले असतील, आणि ते हात भिंतीला लागल्यावर आईची बोलणीही खावी लागली असतील! आज हात लाल करायचे आहेत. त्यासाठी जरा लांब जावं लागेल, थेट अमेरिकेत.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी माझ्या दादाकडे ओहायो राज्यात गेलो होतो. दादाच्या अंगणात एक जुना पिकअप ट्रक उभा होता. पिकअप म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा. हा शेव्हरोलेचा, १९९५ सालचा. म्हणजे माझ्या पुतणीपेक्षा नऊ वर्षांनी मोठा! ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. बागेतली माती, लाकडं, जुनं फर्निचर आणि दरवर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर, सगळं याच हौद्यातून जायचं.

मी गेलो तेव्हा घरात वाद पेटला होता. दादा म्हणत होता, "गाडी आता भंगारात द्यायची." पुतणी म्हणत होती, "नाही द्यायची. पुढच्या वर्षी मला लायसन्स मिळेल. मी हीच चालवणार."

"अगं, गिअर टाकल्यावर जागची हलायला किती वेळ लावते ती!"

"किती वेळ म्हणजे किती, बाबा? मोजलाय?"

दादा गप्प. मोजला नव्हताच कोणी. मग तिनेच मोजला. सकाळी थंड गाडी सुरू केली, दादाने ब्रेकवर पाय ठेवून दांडा उलट्या गिअरला, म्हणजे रिव्हर्सला नेला, आणि गाडीला गिअर धरल्याचा हलका झटका बसेपर्यंतचा वेळ तिने घड्याळावर पाहिला. तीन सेकंद. तिने तो वहीत लिहून ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, गिअर टाकला की गाडी लगेच चालते, त्यात मोजायचं काय? आपल्या एसटीचा ड्रायव्हर कसा, डाव्या पायाने क्लच दाबतो, दांडा खेचतो, "खर्रर्र" आवाज होतो आणि गाडी हलते. पण या पिकअपला क्लचचं पेडलच नव्हतं. तिचे गिअर आपोआप बदलत. म्हणजेच तिच्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशन होतं. आपण त्याला आपोआप गिअरपेटी म्हणू.

तेल, की नोकर?

सायकलच्या चेनला आपण तेल लावतो ते घर्षण कमी व्हावं म्हणून. आपोआप गिअरपेटीतलं तेल मात्र चार-चार नोकऱ्या करतं, बरं का!

पहिली नोकरी जोर वाहून नेण्याची. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एक बंद, फुगीर डबा असतो. त्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर. आकार साधारण मेदूवड्यासारखा! आत पात्यांची दोन चक्रं समोरासमोर असतात. एक चक्र इंजिन फिरवतं. ते फिरताना तेल समोरच्या चक्रावर फेकतं आणि त्या धक्क्याने दुसरं चक्र फिरू लागतं. दोन्हींच्या मध्ये एक तिसरं लहान चक्र असतं. ते परतणाऱ्या तेलाला योग्य वळण देतं, त्यामुळे गाडी निघताना जोर वाढतो. गाडी वेगात आली की आतला एक क्लच दोन्ही मोठ्या चक्रांना जोडून टाकतो. पण गाडी जागची हलते ती तेलाच्या धक्क्यानेच. तिथे लोखंड लोखंडाला ढकलत नाही!

दुसरी नोकरी दाबण्याची. पेटीच्या आत पातळ चकत्यांचे क्लच असतात. कुठला गिअर लागणार ते कुठल्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात यावर ठरतं. त्या दाबतं कोण? पंपाने दाब दिलेलं तेलच. तिसरी नोकरी वंगणाची आणि चौथी गारव्याची. तापलेलं तेल नळीतून रेडिएटरकडे जातं, थंड होतं आणि परत येतं.

तेलाच्या जोडणीची ही कल्पना जर्मन इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर यांची. १९०५ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेही मोटारींसाठी नाही, जहाजांसाठी. पुढे १९३९ मध्ये जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' नावाची आपोआप गिअरपेटी बाजारात आणली, आणि १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती मिळू लागली.

आणि या तेलात पूर्वी काय मिसळत असत, ठाऊक आहे? देवमाशाचं तेल! स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलामुळे चकत्या झटका न देता गुळगुळीत धरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने देवमाशांना वाचवण्यासाठी त्यावर बंदी आणली आणि रसायनतज्ज्ञांना दुसरे पदार्थ शोधावे लागले. आजच्या तेलात देवमासा नसतो. लाल रंग मात्र असतो. तो मुद्दाम घातलेला. गाडीखाली थेंब दिसला की तो इंजिनच्या तेलाचा की गिअरपेटीचा, हे चटकन ओळखता यावं म्हणून.

शेजारच्या आजोबांचा इशारा

आम्ही तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढली. पांढऱ्या कागदावर थेंब टेकवला. लालऐवजी तो विटकरी-तपकिरी दिसला. गाडी १,३८,००० मैल, म्हणजे सुमारे २,२२,००० किलोमीटर चाललेली. गिअरपेटीचं तेल शेवटचं कधी बदललं? दादाला आठवेना. चूक गाडीची नव्हती, आमच्या घराची होती.

"मग बदलू या!" पुतणी म्हणाली.

इतक्यात कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा बोलले. त्यांचं आयुष्य गाड्यांमध्ये गेलेलं. ते म्हणाले, "जुन्या गाडीचं तेल बदलू नका. माझ्या ओळखीच्या तिघांनी बदललं, आणि महिन्याभरात तिघांच्याही गिअरपेट्या मेल्या."

झालं! दादा म्हणाला, "बघ, अनुभवी माणूस सांगतोय."

मला मात्र आपली जुनी म्हण आठवली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी आधीच कुजलेली असते, कावळा फक्त शेवटी येऊन बसतो. लोक तेल कधी बदलतात? गाडी कुरकुर करू लागली की! तोवर आतल्या चकत्या झिजून गेलेल्या असतात. नवं तेल घातलं तरी पेटी बंद पडते आणि आळ येतो तेलावर.

पण थांबा. याचा अर्थ आजोबा खोटं सांगत होते असा नाही. फांदी कुजलेली असेल, तर तेल बदलूनही ती मोडणारच होती. म्हणजे खरा प्रश्न "बदलावं की नाही" हा नव्हताच. खरा प्रश्न होता, "आमची फांदी कुजली आहे का?" आणि ते फांदी पाहिल्याशिवाय कसं कळणार?

पुतणीने तेलाचा वास घेतला. जळका वास नव्हता. बोटांवर चोळून पाहिलं, खरखर लागली नाही. दोन परीक्षा पास. तिसरी आणि सगळ्यात मोठी परीक्षा पेटीच्या तळाशी होती. तळाची परात उघडल्याशिवाय ती देता येणार नव्हती. दादा म्हणाला, "ठीक आहे. परातीत धातूचे तुकडे सापडले, तर गाडी भंगारात. कबूल?"

पुतणीने मोठा आवंढा गिळला. "कबूल."

परात उघडली

पुढची दोन चाकं उतरत्या लोखंडी घोड्यांवर चढवली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कोणीही जायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. डोळ्यांना चष्मे, हातात मोजे. तेल कोमट होतं, गरम नव्हतं. गरम तेलाने हात भाजतो.

या परातीला खाली बूचच नव्हतं. म्हणजे सोळाच्या सोळा बोल्ट काढून अख्खी परातच उतरवायची. युक्ती अशी की, मागच्या बाजूचे बोल्ट आधी काढायचे, पुढचे नुसते सैल करायचे. मग परात एका बाजूने हळूच कलते आणि तेल खालच्या टबात पडतं. "मला माहीत आहे सगळं," असं म्हणत मी घाईने एक बोल्ट जास्तच सैल केला. तेल टबात न पडता माझ्या बाहीत शिरलं! दादा पोट धरधरून हसला. पुतणीने मात्र आधी टब सरकवला आणि मग हसली.

परात खाली आली. तिच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. झिजलेला लोखंडाचा कण पुन्हा पेटीत फिरू नये म्हणून तो धरून ठेवतो. पुतणीने चुंबक बोटाने पुसला. सगळे वाकून बघू लागलो. शेजारचे आजोबाही कुंपण ओलांडून आले होते.

बोटावर राखाडी लेप आला. काजळासारखा मऊ. तुकडा एकही नाही, कीस नाही.

आजोबांनी तो लेप चिमटीत चोळून पाहिला आणि मान डोलावली. इतकी वर्षं चाललेल्या पेटीत एवढी बारीक झीज असायचीच. आमची फांदी हिरवी होती!

गळ्यातलं कडं

तेलाची गाळणी, म्हणजे फिल्टर, परातीच्या वर असते. तिची मान वरच्या भोकात घट्ट बसवलेली असते. मी जुनी गाळणी सरळ खाली ओढली, बाजूला टाकली आणि नवी बसवायला उचलली.

"काका, थांब."

"काय झालं?"

"नव्या गाळणीबरोबर हे कडं आलंय. जुनीच्या गळ्यात कडं कुठे आहे?"

मी पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. जुनं सील वरच्या भोकातच अडकून राहिलं होतं! तसंच ठेवून नवी गाळणी घातली असती, तर ती नीट बसली नसती. पंपाने तेलाबरोबर हवा ओढली असती. दाब पडला असता, चकत्या घसरल्या असत्या, आणि महिन्याभरात पेटी खलास. मग शेजारचे आजोबा म्हणाले असते, "सांगितलं नव्हतं?" आणि आळ आला असता बिचाऱ्या तेलावर.

पाहा हं, कावळ्याला दोष देण्याआधी फांदीवर आपणच करवत चालवली नाही ना, तेही तपासायला हवं! ते सील मी हलक्या हाताने काढलं, भोकाला ओरखडा न पाडता.

परात पुसली, चुंबक जागेवर ठेवला, नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट एका ओळीने नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. एकदम एकीकडून आवळलं की पॅकिंग चेपतं आणि तेल गळतं. जोरही फार लावायचा नसतो. ते काम पुतणीने केलं, माझ्या हाताला घाई असते म्हणून.

पुस्तकातले दोन आकडे

आता नवं तेल. किती? गाडीच्या पुस्तकात दोन आकडे होते, ४.७ लिटर आणि १०.६ लिटर. मी म्हणालो, "तेल बदलतोय तर पूर्णच भरू. दहा-साडेदहा लिटर!"

"पण काका, तेवढं निघालंच कुठे?" तिने टबातलं तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून मोजलं होतं. पुरते पाच लिटरही नव्हते. बाकीचं तेल मेदूवड्यात आणि नळ्यांमध्ये अडकलेलं होतं, परात उतरवून ते निघत नाही. १०.६ हा आकडा पूर्ण कोरड्या पेटीचा होता. परात उतरवून तेल बदलायचं असेल तर ४.७.

जास्त भरलं तर काय बिघडतं? आत फिरणारे भाग ते तेल घुसळतात. ताक घुसळल्यासारखा फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते, त्यामुळे चकत्यांवर पुरेसा दाब पडत नाही. कमी तेल जितकं वाईट, तितकंच जास्तही.

म्हणून आधी निघालं त्याहून थोडं कमी भरलं, डिपस्टिकच्याच नळीत लांब नरसाळं लावून. तेल कुठलं? पुस्तकात डेक्सरॉन-३ लिहिलं होतं. २००५ नंतर त्याची जागा डेक्सरॉन-६ ने घेतली आणि ते या जुन्या पेटीतही चालतं, म्हणून ते घेतलं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला दुसरंच तेल लागू शकतं. "लाल ते लाल" असं इथे चालत नाही.

मग गाडी सपाट जागी आणली. इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून, दादाने दांडा प्रत्येक गिअरमध्ये थोडा थोडा थांबवत फिरवला आणि परत पार्कमध्ये आणला. गाडी चालवून तापवली आणि इंजिन सुरू असतानाच पट्टी पाहिली. तापल्यावर तेल फुगतं, म्हणून खरी पातळी तापल्यावरच कळते. अर्धा लिटर कमी होतं, ते घातलं. पट्टीवर आता डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग होता.

आता एक गणित करू या. १०.६ लिटरपैकी ४.७ नवं. म्हणजे शंभरातले सुमारे ५६ भाग जुनंच तेल राहिलं. काही आठवड्यांनी पुन्हा तसंच केलं तर किती उरेल? ५६ चे ५६ टक्के, म्हणजे सुमारे ३१. तिसऱ्यांदा? सुमारे १७. शून्य कधीच होत नाही, पण कमी कमी होत जातं. हे आईबाबांना करून दाखवा बरं!

मग काय झालं?

जादू झाली का? नाही. जादू झाली असं सांगितलं तर ती थाप ठरेल. झिजलेला भाग तेलाने पुन्हा तयार होत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर तिने पुन्हा वेळ मोजला. तीनचे दोन सेकंद झाले होते. आठवडाभर रोज मोजला, दोनच. दादाने भंगारवाल्याचा नंबर कागदासकट फाडून टाकला.

आणि शेजारचे आजोबा? ते म्हणाले, "माझ्या त्या तिघांनी आधी परात पाहिली होती का, हे मी कधी विचारलंच नाही." मोठी माणसं असं मोकळेपणी बोलली की मला फार बरं वाटतं.

वापरलेलं तेल आम्ही कॅनमध्ये बंद करून गाडीच्या सामानाच्या दुकानात दिलं. तिथली बरीच दुकानं ते परत घेतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळी गाडीतून काढलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. गटारात ओतलेलं तेल शेवटी कुणाच्या तरी विहिरीत जातंच.

केबिनच्या दारावर पुतणीने एक चिठ्ठी चिकटवली. तारीख, मैल, कुठलं तेल, किती लिटर. "आता कोणी विचारलं, शेवटचं कधी बदललं, तर उत्तर आहे," ती म्हणाली.

पालकांनो, एक सूचना. आपल्याकडेही आता आपोआप गिअरच्या गाड्या खूप दिसतात, पण त्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात. काहींत साधीच गिअरपेटी असते, फक्त क्लच आणि दांडा यंत्र चालवतं. काहींत पट्टा असतो, काहींत दोन क्लच. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकही नसते. तेव्हा गाडीचं पुस्तक वाचल्याशिवाय आणि जाणत्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय हे घरी करू नका. मुलांना मात्र मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघू द्या. वहीही हातात द्या.

या आठवड्याचा प्रयोग: कागदाची भिंगरी करा. जाळी असलेल्या टेबलफॅनसमोर, हातभर अंतरावर धरा. पंख्याने भिंगरीला हातही लावला नाही, तरी ती फिरते ना? तिथे मध्ये हवा आहे, मेदूवड्यात तेल आहे. भिंगरी लांब नेली की काय होतं? तिरकी धरली की? निरीक्षणं वहीत लिहा.

आणि हो, घरातल्या स्कूटरचं तेल शेवटचं कधी बदललं ते विचारा. "आठवत नाही" असं उत्तर आलं, तर एक चिठ्ठी तयार करून गाडीच्या कागदांमध्ये ठेवा.

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या यंत्रासह!

तुमचा,
यंत्रकाका